सेज हॉलोच्या ठाण्यावर तार

सेज हॉलो, नेव्हाडा प्रांत
ता. २ जुलै १८६१

चि. ॲन्सेल यास केझायाताईचे अ. आ. आणि कानाला एक चिमटा.

तुझं पत्र परवाच्या गाडीने मिळालं. तारेचे खांब पुरायचं काम धरलंस, हे मी मोठ्या कौतुकाने तुझ्या भावोजींना वाचून दाखवलं, तिथेच चुकलं. ओबेडनी हातातला लगाम आपटला. म्हणाले, सख्ख्या बहिणीच्या दारातले घोडे पळवायला निघालाय पठ्ठ्या!

हसू नकोस. टपाल आल्याचं शिंग वाजलं की हे जीन कसलेला ताजा घोडा बाहेर आणतात. टपालस्वार लेम्युएल उडी मारतो, टपालाची चामडी झूल या घोड्यावरून त्या घोड्यावर फेकतो, माझी मक्याची भाकरी तोंडात कोंबतो आणि तसाच आभार मानत धुळीत दिसेनासा होतो. पाय मोडल्यापासून हे लंगडतात, पण घोड्यांत असले की राजे असतात. तार आली की टपालाचे घोडे बंद आणि ठाणंही बंद. मग या माणसाचं मी करू काय? दुसरं काम बघ ना रे.

रागावलास तरी उत्तर लिही.

तुझी,
ताई


तारेच्या छावणीतून
ता. ११ ऑगस्ट १८६१

ती. केझायाताईस ॲन्सेलचा स. न. वि. वि. भावोजी घेणार असतील तर त्यांनाही नमस्कार.

काम सोडत नाही, ताई. मी सोडलं म्हणून तार थोडीच थांबणार? दुसरा कोणी खांब पुरेल, आणि तो तुझी विचारपूस करणार नाही. इथे झाड औषधालाही नाही, खांब दूरच्या डोंगरातून बैलगाड्यांवर येतात. तार संपते तिथून पुढे निरोप अजून लेम्युएलच नेतो. जाताजाता ओरडतो, जरा दमानं पुरा रे, माझी भाकरी जाईल!

मी मुकादमाला विचारलं, हिवाळ्यात तार तुटली तर जोडणार कोण? तो म्हणाला, रस्ता ठाऊक असलेला आणि घोडे राखणारा माणूस हवा. मी भावोजींचं नाव सांगितलं. लंगडा खांबावर चढेल कसा, म्हणून तो हसला. मी म्हटलं, त्यांना घोड्यावर बसलेलं बघा, मग बोला. त्यांच्या कानावर घाल, पण पोट भरलेलं असताना.

लोभ आहेच, तो आता भावोजींकडूनही मागतो.

तुझा,
ॲन्सेल


सेज हॉलो
ता. ३ नोव्हेंबर १८६१

चि. ॲन्सेल यास अ. आ.

तुम्ही इथून खांब पुरत गेलात तेव्हा हे तबेल्याचं दार लावून बसले, ते तू पाहिलंसच. तू पुढे गेलास आणि टपाल कंपनीचा घोडे विकायचा हुकूम आला. यांनी जेवण टाकलं.

मग गेल्या आठवड्यात बर्फाचं वादळ झालं आणि पूर्वेकडची तार मुकी झाली. आमचा तारमास्तर फिनीअस शहरातला, घोड्याला भिणारा. तो डोकं धरून बसला. सॅक्रामेंटोत एक बाई अत्यवस्थ होती आणि सॉल्ट लेकच्या लेकाला बोलावत होती, तो निरोप अडकला होता. हे सकाळपासून तारेला शिव्या घालत होते. बाईचं ऐकलं आणि ताडकन उठले. मला म्हणाले, माझे हातमोजे दे. मी नको म्हटलं. आजवर माझं ऐकलंय कधी?

दिवसभर मी खिडकीशी. दिवस मावळताना हे आले, दाढीला बर्फ लटकलेलं. तार खांबाच्या डोक्याशी तुटली होती. हे करड्या घोडीच्या पाठीवर उभे राहिले, जोड मारून होईपर्यंत तिने कान हलवला नाही म्हणे. बाईचा निरोप गेला आणि लेक निघाल्याचं उत्तरही आलं. मी भाकरीच्या पिठातच रडले.

मुकादमाने यांना तार राखायचं काम दिलं, चार घोड्यांसकट. लेम्युएल मदतीला राहिलाय, भाकरीसाठीच असेल.

जोड तपासायला काहीतरी पाठवा, असं फिनीअस म्हणाला तेव्हा यांनी तुला तार केली. काय, ते मला सांगत नाहीत. तू कळव.

तुझी,
ताई


सॉल्ट लेक
ता. १९ नोव्हेंबर १८६१

ती. ताईस स. न. वि. वि.

तार मिळाली. अख्ख्या छावणीने ती मोठ्याने वाचली आणि अजून माझी पाठ सोडत नाहीत. मजकूर तसाच्या तसा देतो: खांब वाकडा पुरलास मेहुण्या. नाताळला येऊन सरळ कर.

कुदळ घेऊन निघालो.

तुम्हा दोघांचा,
ॲन्सेल