आईचा नेचा

बरकतपुरा, हैदराबाद
२१ एप्रिल १९५७

चि. सौ. कुसुम हिस,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. श्रीनिवासरावांना औरंगाबादचे पाणी मानवले का? वहिनीचे गुडघे दुखतात, एरवी बरी आहे. तुमच्या मागच्या दोन खोल्या तशाच आहेत. भाडेकरू ठेवला नाही.

तुझ्या तिन्ही पत्रांत एकच प्रश्न होता, आईचा नेचा कसा आहे? आणि मी दर वेळी राज्य पुनर्रचनेवर चार पाने लिहून पाठवली. आता लिहितो. तो मरतो आहे, कुसुम.

माहूरच्या दरीतून आईने ओल्या धडप्यात गुंडाळून आणलेला, वीस वर्षे राखून तू विहिरीकाठी चिंचेखाली पुरुषभर उंच केलेला. सगळी पाने करपली. रोज आठ कळशा ओततो. शेजारच्या सत्यवतीबाईंच्या सांगण्यावरून शेणखत घातले. शेवटी मस्तान माळ्याला बोलावले. त्याने विहिरीपाशी उभे राहून आधी वर पाहिले. "साब, छाँव कू काट को अब पानी डालरें?"

वहिनी आत निघून गेली.

नोव्हेंबरात मराठवाडा मुंबई राज्यात गेल्याच्या विजयाची सभा आपल्या अंगणात झाली, तेव्हा चिंचेच्या फांद्या मांडवासाठी तोडल्या असे मी तुला सांगितले. खोटे. कर्ण्याचा आवाज त्या फांद्यांत अडत होता, माझे भाषण रस्त्यापर्यंत जात नव्हते. तू म्हणालीस, "दादा, नेच्याला भाषण नको, सावली लागते." मी सर्वांदेखत म्हणालो, "मराठी मुलूख एक होतोय, आणि ही पाल्याला कवटाळून बसलीय!" लोक हसले. श्रीनिवासरावांच्या खिशात औरंगाबादच्या बदलीचा हुकूम होता आणि तू चारशे माणसांचा चहा करत होतीस. मी दीड तास बोललो. त्यात तुम्ही दोघे कुठेच नव्हता.

त्या दिवशी जे बोललो ते आजही खरे मानतो. त्यातला एक शब्द मागे घेणार नाही. तरीही तुमचा टांगा काचीगुडा स्टेशनाकडे वळला तेव्हा मी दारात आलो नाही. आत वर्तमानपत्र धरून बसलो होतो, वाचत नव्हतो.

सभेचा कापडी फलक आता नेच्यावर बांधला आहे. तेवढीच सावली. मधोमध एकच कोंब उरला आहे, गोगलगायीसारखा गुंडाळलेला. अकरा दिवस झाले, उलगडत नाही.

पाणी मुळाशी घालायचीस की पानांवर? सकाळी की उन्हे कलल्यावर? वीस वर्षे एका अंगणात राहून मला ठाऊक नाही. कार्डावर दोन ओळी लिही. शिव्या देऊन लिही, पण लवकर लिही.

ऐकायला बसलेला,
तुझा दादा