साबण न घालण्याच्या अटीवर

मी शौकी अब्दुल मगीद बर्रावी, निवृत्त सिमेंट-रसायनज्ञ, राहणार अनफूशी, अलेक्झांड्रिया, डोकं ठिकाणावर असताना आणि कोणाच्याही दबावाविना हे लिहून ठेवतो. दबाव आणायला कोणी फिरकलेलंच नाही.

घर आणि बँकेतली ठेव पत्नी सनिय्या व मुलगा हातिम यांना शरियतप्रमाणे मिळेल. तिथे माझी लुडबूड चालत नाही. वारस नसलेल्याला एक तृतीयांशापर्यंत देता येतं, त्याविषयी खाली लिहितो. माझा तराजू हातिमने न्यावा. तो कुवेतहून फोनवर सांगतो, "बाबा, ओल आली तर वरून रंग मारा ना!" माझ्याच पोटी जन्मावं याने!

आता झोपायच्या खोलीची समुद्राकडची भिंत. ती ओल सनिय्याच्या छातीला सोसत नाही, सारखी खोकते. पॉलिमर घातलेलं सिमेंट घट्ट चिकटतं, सहसा चिरत नाही, पण थोडी ओल पितंच. म्हणून त्यात पाणी झटकणारी पूड घालायची. आधी कोरड्या सिमेंटमध्ये कालवायची, पाणी शेवटी. निम्मी नोकरी मी याच पुडीवर घालवली. आमच्या गवंड्याने, झगलूलने, पाणी आधी ओतलं. पूड वर तरंगायला लागली.

"साहेब, ही मिसळेचना, म्हणून भांड्यांचा साबण टाकला. बघा कसं लोण्यासारखं झालंय!"

"अरे गाढवा, साबणाने भिंत उलट पाणी पिते!"

"पिऊ दे की, स्वच्छ तरी राहील," म्हणाला, आणि वर सनिय्याकडून चहा मागून घेतला.

तरी माझा तृतीयांश झगलूललाच. हौस म्हणून नव्हे. मी गेल्यावर सनिय्या इद्दतीत, म्हणजे विधवेच्या एकांतात बसेल, महिनोन्महिने परका पुरुष तिच्या खोलीत पाऊल टाकणार नाही, आणि माझं नशीब बघता मी ऐन हिवाळ्यात, इथल्या पावसाच्या दिवसांतच जाणार. झगलूल तिचा दूधभाऊ; दोघं एकाच बाईच्या अंगावर प्यालेले. त्याला मज्जाव नाही. अट अशी की जुना गिलावा विटेपर्यंत खरवडून नवा करावा आणि सनिय्याने समोर खुर्ची टाकून बसावं. साबण दिसला तर दमडी मिळणार नाही.

हे काम दफनानंतर लगेच सुरू व्हावं. पलंगाची भिंतीकडची बाजू लग्नापासून मी धरून ठेवली आहे, ओल तिच्याआधी मला लागावी म्हणून. तिला वाटतं, मला लाटांचा आवाज आवडतो. मला तो अजिबात आवडत नाही. मी गेल्यावर ती माझ्या जागेवर सरकून झोपेल, मी ओळखतो तिला. त्याआधी भिंत कोरडी करा.

साक्षीदार: फरगली खमीस, न्हावी, वगीह सिदहोम, औषधविक्रेता
स्वाक्षरी: शौकी बर्रावी
अलेक्झांड्रिया, ९ डिसेंबर २०१८