अंगठा वर केला की

आप्पा, आक्कानं तुमचा तो दवाखान्यातला फोटो मोठा करून आणलाय आणि बेळगावात खासबागच्या घरात मागाच्या खोलीच्या दारावर लावलाय. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आणि उजव्या हाताचा अंगठा वर. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती सांगते, "जातानासुदिक झ्याक हाय म्हणून सांगून गेले बघा." तुम्हाला जाऊन आता नऊ वर्षं होतील. गेल्या आठवड्यात घरी आलो तेव्हा त्या फोटोकडं पाठ करून जेवलो.

आपल्या खोलीत पातळं विणायचे चार माग एकदम चालायचे, तेव्हा शेजारच्याचं बोलणंही ऐकू यायचं नाही. म्हणून तुम्ही हातानं बोलायचात. दोन बोटं जोडून फाकवली की धागा तुटला, मूठ दाखवली की माग थांबव, अंगठा आणि बोटाचं कडं केलं की कांडीवरचं सूत संपलं. एकदा तुम्ही मूठ दाखवत होता आणि मी तुमच्या तोंडाकडं बघून हसत राहिलो. वीतभर पातळ वाया गेलं. तुम्ही मारलं नाहीत, नुसतं म्हणालात, "तोंडाकडं काय बघतोस रं? तोंड कायबी बोलतंय. हाताकडं बघ." मार परवडला असता.

पुढं मी मागावरनं उठलो तो थेट अंदमानात गेलो, समुद्राच्या तळाशी उतरायचं शिकायला. "लोकांची पोरं पवाय शिकत्यात, आमचं बुडाय शिकतंय," असं तुम्ही गल्लीभर सांगत फिरलात. तिथं पाण्याखाली सगळ्यांचीच तोंडं बंद, सगळं बोलणं हातानं. इतरांना आठवडा लागला त्या खुणा मला दोन दिवसांत आल्या. शिकवणाऱ्यानं विचारलं, "आधी कुठं शिकलास?" मी म्हणालो, "कुठं नाही, असंच." मागाच्या खोलीचं नाव घ्यायची लाज वाटली, आप्पा. तेव्हाही वाटली आणि आज त्या लाजेची लाज वाटते.

दिवाळीला आलो तेव्हा कट्ट्यावर बसून त्या खुणा तुम्हाला शिकवल्या. मी बोटाचं कडं करून ओरडून सांगितलं, "हे म्हणजे सगळं ठीक." तुम्ही मोठ्यानं हसलात. "आरं, ही तर कांडी संपली! म्हंजे तुमच्यात सूत संपलं की समदं बरं व्हय?" मग मी अंगठा वर केला. "हा बरा आहे म्हणून नाही दाखवायचा. अंगठा म्हणजे मला वर घेऊन चल. समोरच्यानं दाखवला की का म्हणून विचारायचं नाही. आपणही अंगठा दाखवायचा आणि त्याच्याबरोबर वर यायचं." तुम्ही तीनतीनदा करून बघितलंत. मागानं कान नेले होते तुमचे. म्हणालात, "मला एकदा खाली ने रं. तितं मी भैरा न्हाय." मी नेतो म्हणालो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आक्काचा फोन आला, आप्पांना दम लागतोय, मोठ्या दवाखान्यात घातलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी आमची शिडाची बोट निघणार होती. आठ दिवस बेटाबेटांतून हिंडायचं, वाटेत ठिकठिकाणी पाण्याखाली उतरायचं, आणि पहिल्यांदाच सगळं माझ्या हाताखाली. "येऊ का?" मी विचारलं. "थांब, त्यास्नीच इच्यारते," ती म्हणाली. थोड्या वेळानं फोटो आला. खाली लिहिलं होतं, 'बरं हायत. अंगठा दावत्यात.'

आम्ही निघालो. वारं छान होतं, पाणी इतकं नितळ की बोटीवरून तळाची वाळू दिसावी. खाली प्रवाळाला मासे चोची मारत होते, त्याची कटकट लांबून माग चालल्यासारखी येत होती. तिसऱ्या दिवशी खाली असताना पुण्याच्या एका बाईंनी अंगठा दाखवला. काही झालं नव्हतं, नुसत्या भ्यायल्या होत्या. मी काही विचारलं नाही, त्यांचा हात धरला आणि सावकाश त्यांच्याबरोबर वर आलो. परक्या बाईंसाठी आलो, आप्पा. आठव्या दिवशी धक्क्याजवळ फोनला रेंज आली, तेव्हा कळलं की आम्ही निघालो त्याच दिवशी तुम्ही गेला होतात. घरी पोचलो तेव्हा दहावा दिवसही होऊन गेला होता.

हे आक्काला वाचून दाखवावं असं दोनदा मनात आलं. पण मग तिला तो फोटो उतरवावा लागेल, आणि तिच्याजवळ तुमचं शेवटचं तेवढंच आहे. म्हणून हे माझ्याच पेटीत राहील.

एक मात्र तुम्हाला सांगतो. ती खूण काय आहे ते फोटो बघताक्षणी मला कळलं होतं. मी तोंडाकडं नाही, हाताकडंच बघितलं होतं. आणि आक्काला उत्तर म्हणून मीही अंगठाच पाठवला होता.