सोडलेला बॉल

बाई,

जळगाव सोडल्यावर मी एकदाही तुम्हाला भेटायला आले नाही, आणि तुम्हाला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. गरज सरो वैद्य मरो म्हणतात, आमचं उलटं झालंय, वैद्य गेल्यावर गरज पडली. मी मेलबर्नला पॉइंट कुकमध्ये राहते, पाण्याच्या पाइपलाइनी आखणाऱ्या ऑफिसात काम करते आणि चाळिशी ओलांडल्यावर बायकांच्या टीममधून बेसबॉल खेळते. बॉल लहान नि कडक असतो, बाकी बरंचसं आपल्या सॉफ्टबॉलसारखंच. तुम्ही हसला असतात.

शाळेमागच्या मैदानावर तुम्ही फक्कीने रेघा आखताय, पदर खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. आम्ही निम्म्या मुली दहावीला खेळाचे वाढीव गुण मिळतील म्हणून आलोय, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. होम प्लेट म्हणजे जुन्या टायरचा कापलेला तुकडा. तुम्ही मला बॅट खांद्यावर ठेवून तिथे नुसतं उभं करता. बॉल माझ्यासमोरून कॅचरच्या हातात जातो आणि मला लगेच ओरडून सांगायचं असतं. काखेच्या खाली, गुडघ्याच्या वर आणि प्लेटवरून गेला तर स्ट्राइक, नाहीतर बॉल. "अंपायर काय म्हणेल ते नंतर," तुम्ही म्हणायचात, "आधी तू सांग. आणि खरं सांग." मी क्वचितच चुकायचे. चार बॉल सोडले की पहिला बेस फुकट, तीन स्ट्राइकला बाद, एवढं सगळ्यांनाच कळत होतं, पण त्या मोजणीचा अर्थ तुम्ही लावून दिलात. तीन बॉल झालेत आणि स्ट्राइक एकही नाही, म्हणजे बॉल टाकणारी पिचर अडचणीत आहे, ती आता मधोमध टाकणार, तेव्हा आवडला तरच मार. पण दोन स्ट्राइक झाले की नखरे बंद, जवळून जाईल त्याला बॅट लागलीच पाहिजे. पहिलं मला सहज जमलं. दुसरं कधीच नाही. दोन स्ट्राइक झाले की माझे हात गोठायचे आणि मी बॉल सोडत देवाचा धावा करायचे. जिल्ह्याच्या सामन्यात तशीच उभ्या उभ्या बाद झाले, तेव्हा तुम्ही पाण्याची बाटली पुढे करत म्हणालात, "डोळा चांगला आहे गं तुझा. पण तू त्याच्या आड लपतेस." सगळ्यांसमोर म्हणालात म्हणून मी आठवडाभर फुगून बसले होते.

इथे मात्र त्या लपण्याचं कौतुक होतं. मी बॉल सोडले की आमची कॅप्टन, हॉस्पिटलात नर्स आहे, कुंपणामागून ओरडते, "गुड आय, मेट!" मी चालत पहिल्या बेसवर जाते आणि टाळ्या पडतात. बॅट न फिरवता नाव कमवायचं, दुसरं काय. मग सेमीफायनल आली. शेवटचा डाव, आम्ही एका रनने मागे, दोघी बाद, तिसरी बाद झाली की संपलं, तिन्ही बेसवर आमच्या बायका, आणि मी प्लेटवर. तीन बॉल, दोन स्ट्राइक. पुढचा बॉल गुडघ्याच्या जरा वरून, प्लेटच्या कडेवरून आला. मला तो पिचरच्या हातातून सुटतानाच दिसला होता. मी तो सोडला. अंपायरने स्ट्राइकचा हात वर केला आणि आमचा सीझन संपला.

अंपायर म्हणजे एक निवृत्त आजोबा. मोबदला न घेता दर रविवारी उभे राहतात, आल्याबरोबर दोन्ही टीमना गुड मॉर्निंग म्हणतात. त्यांच्यावर आमच्या बायका तुटून पडल्या. "लो होता ना गं? गुडघ्याखालून?" कॅप्टनने विचारलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "हो, लो होता." संध्याकाळी तिने लीगला तक्रार केली, त्याआधी मला फोन करून विचारलं, "तुझं नाव घालू? तुलाच सगळ्यात चांगला दिसला असणार." मी शुअर म्हणाले.

गेल्या शनिवारी हार्डवेअरच्या दुकानाबाहेर सॉसेजच्या स्टॉलवर ते आजोबा भेटले. मी पळ काढणार, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. "सॉरी, लव्ह," ते म्हणाले. "त्या बॉलचा खूप विचार केला मी. मला तो स्ट्राइकच वाटला होता. पण तुझा डोळा सगळ्यांना माहीत आहे, तू लो म्हणतेस म्हणजे माझंच चुकलं असणार. डोळे तपासायला जाणार आहे. फायनलला दुसरा बघा म्हणून सांगितलंय लीगला." बाई, तिथे मला तीनच शब्द बोलायचे होते, तो स्ट्राइक होता. मी म्हणाले, "नो वरीज." त्यांचा चेहरा हलका झाला आणि त्यांनी मला थँक्यू म्हटलं. मी त्या माणसाला माफ करून आले, बाई. मला माझीच किळस आली.

फायनल उद्या आहे. त्यांचं घर माझ्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आहे, दारात लिंबाचं झाड आहे, मी दोनदा तिथून नुसती फिरून आले. तुम्ही असतात तर हा कागद हातातून काढून घेऊन मला तिकडे पिटाळलं असतंत. तुम्ही नाही आहात, म्हणूनच तुम्हाला लिहितेय.