काकांना माझ्या मनातलं कळतं

२ मार्च, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठे स्वार ठेवतात.
ड्रेसाज स्पर्धेला एकोणतीस दिवस. फॉर्म भरला. घोडा: काका, वय अठरा. कागदावरचं नाव वेगळं आहे, पण तबेल्यात सगळे त्यांना काका म्हणतात आणि अहोजाहो करतात. नऊ वर्षं मी त्यांच्यावर बसतो. आमचा एकमेकांवर विश्वास आहे. काकांना माझ्या मनातलं कळतं.

२ मार्च, सायंकाळी ७
घोडेस्वारी शिकवणारे मास्तर म्हणाले, स्पर्धेत साठ टक्के मिळाले तर काका आणखी वर्षभर तुमच्याकडे. नाहीतर एप्रिलपासून नवशिक्या मुलांच्या वर्गाला, लांब दोरीला गोल फिरायला. मी विचारलं, आणि मी? म्हणाले, तुम्हाला कोण दोरी लावणार?
साठच. गेल्या वर्षी एकसष्ट होते. काळजीचं कारण नाही.

५ मार्च
माझ्या दुकानात चष्मा घ्यायला आलेल्या बाईंनी विचारलं, ड्रेसाज म्हणजे शर्यत का हो? म्हटलं, उलट. रिंगणाच्या कडेला इंग्रजी अक्षरं असतात. ठरलेल्या अक्षरापाशी ठरलेली चाल. स्वाराचा इशारा बघणाऱ्याला दिसता कामा नये. त्या म्हणाल्या, मग तुम्ही काही करताय हे कळतं कसं? लोकांना समजावणं अवघड आहे.
सायंकाळी सराव. बायको नेहमीप्रमाणे कुंपणाला टेकून चालींचा कागद मोठ्याने वाचत होती. फॉर्मवर लिहिलं असेल तर स्पर्धेतही असं वाचलेलं चालतं. ती बस स्थानकावर घोषणा करते. आवाज खणखणीत. ती म्हणाली, ए पासून दुडकी चाल. काका निघाले. माझे इशारे आता इतके सूक्ष्म झाले आहेत की मलाही जाणवत नाहीत.

९ मार्च
बायकोला वाचताना खोकला आला. काका जागीच थांबले. ती घोटभर पाणी प्यायली, म्हणाली, सी ला डावीकडे. काका डावीकडे वळले. तिच्या तब्येतीची काळजी. हळवं जनावर.
नाल ठोकणारा तिथेच होता. म्हणाला, साहेब, तुम्ही खाली उतरलात तरी चालेल.
मी हसलो. त्याला काय कळणार. तो खुरांच्या वर कधी बघतच नाही.

१० मार्च
निश्चय. चार किलो वजन कमी. रोज पहाटे मांड्यांचे व्यायाम. गोड बंद.

११ मार्च
व्यायाम केला. उत्साह.

१२ मार्च
मांड्या.

१३ मार्च
मांड्या. जिना बसून उतरलो. बायकोने घरात उरलेला केक दिला. आजाऱ्याला नियम नसतात.

१६ मार्च
कपडे बदलायच्या खोलीत एक स्वार दुसऱ्याला सांगत होता, कागद वाचून घेणारे म्हणजे कॉपी करून पास होणारे. माझ्याकडे बघितलं नाही. तेच लागलं.
लगेच कचेरीत जाऊन फॉर्ममध्ये दुरुस्ती केली. वाचणारी व्यक्ती: नाही. खाली दोन रेघा.
घरी सांगितलं. बायको म्हणाली, अहो, काकांना विचारलंत का? म्हटलं, काका माझ्या मनातलं ऐकतात. ती म्हणाली, बरंय बाई, कुणाला तरी ऐकू येतं.

२१ मार्च
पहिला सराव, वाचनाशिवाय. बायको ड्युटीवर. मी पाय दाबले. काका उभे. टाच लावली. उभे. चाळीस मिनिटं. एकदा शेपटी हलली.
अनुभवी घोडा सरावात शक्ती वाया घालवत नाही. मास्तर लांबून बघत होते. मग चहाला गेले.

२४ मार्च
काकांनी एक पाऊल टाकलं. मागे. पण पाऊल.

२८ मार्च
वजन एक किलो वाढलं. स्नायू.

३० मार्च
काळ्या कोटाचं बटण लागत नाही. बायकोने ते दोन बोटं पुढे शिवून दिलं. दाताने दोरा तोडून विचारलं, मी येऊ ना उद्या? म्हटलं, ये, पण तोंड बंद. म्हणाली, सुट्टीच्या दिवशी गप्प बसायला मला कुणी सांगायला नको.

३१ मार्च, सकाळी ९.२०
आमचा नंबर सातवा. काकांच्या आयाळीच्या वेण्या घातल्या. त्यांच्या कपाळाला कपाळ लावून म्हटलं, फक्त सहा मिनिटं, काका. एक वर्षाचा प्रश्न आहे. त्यांनी माझ्या खिशातलं गाजर खाल्लं. ठरलं.

३१ मार्च, दुपारी १
लिहून टाकतो.
घंटा झाली. काका सवयीने आत गेले, बरोब्बर मधोमध थांबले. मी सलाम केला. आता डावीकडे दुडकी. पाय दाबले. काका उभे. टाच. उभे. परीक्षक बाईंनी चष्मा वर सरकवला. (चष्म्याचा नंबर चुकीचा आहे. लगेच कळतं.) मी मनात म्हटलं, चला. मग मनात ओरडलो. मग, मला वाटतं, मनाबाहेरही. उभे. काकांच्या कानावर माशी बसली. कान हलला. मला आशा वाटली.
किती वेळ गेला माहीत नाही. कोटाचं बटण तुटून पडलं, तो आवाज सगळ्यांनी ऐकला.
मग कुंपणापलीकडून खणखणीत आवाज आला. सी ला डावीकडे, दुडकी चाल.
काका निघाले.
मी थांबवायचा प्रयत्न केला. काकांनी दुर्लक्ष केलं. वळण, वर्तुळ, हलकी दौड, पुन्हा दुडकी. नऊ वर्षांत ते असे चालले नव्हते. मान कमानीसारखी. खुरांचा आवाजसुद्धा नीटनेटका. मी वर होतो, पाकिटावरच्या तिकिटासारखा. शेवटी ती म्हणाली, थांबा, सलाम. आम्ही दोघांनीही ऐकलं.
फॉर्मवर वाचणारी व्यक्ती नाही. म्हणजे बाहेरून मदत. बाद.

३१ मार्च, सायंकाळी ५
परीक्षक बाईंनी सौजन्य म्हणून गुण लिहिले होते. एकाहत्तर टक्के. त्यावर आडवी रेघ. शेरा: घोडा अप्रतिम. वाचन स्पष्ट. स्वाराचा अडथळा झाला नाही.
शेवटचं वाक्य कौतुकाचं आहे.
मास्तरांना कागद दाखवला. म्हणाले, बाद म्हणजे बाद. काका उद्यापासून वर्गाला.
घरी येताना बायकोने तुटलेलं बटण पर्समध्ये ठेवलं. मग म्हणाली, अहो, चुकलंच माझं. मला काही सुचेना. म्हटलं, आवाज चांगला लागला होता. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, तुम्ही फार एकटे दिसत होतात तिथे.

२ एप्रिल
एका आजोबांना दुसऱ्याच आजोबांचा चष्मा दिला. ते म्हणाले, वा, आता सगळं छान दिसतंय. मी घालून बघितला. मला काहीच दिसलं नाही.

३ एप्रिल
तबेल्यावरून गेलो. आत गेलो नाही. खिशात गाजर होतं. मीच खाल्लं.

७ एप्रिल
मास्तरांना विचारलं, नवशिक्यांच्या वर्गाला वयाची अट आहे का? म्हणाले, खालची आहे. वरची लिहावी असं कधी कुणाला वाटलं नाही.
फॉर्म भरला. अनुभव: या ओळीपुढे जागा कोरी ठेवली.

९ एप्रिल, दुपारी ४
सहा विद्यार्थी. पाच जणांची वयं मिळून माझ्यापेक्षा कमी. एका मुलीने विचारलं, आजोबा, तुम्हाला भीती वाटते का? म्हटलं, नाही. ती म्हणाली, मलापण पहिल्यांदा असंच म्हणावं लागलं होतं.
माझा नंबर शेवटी. काकांनी मला ओळखलं, खिसा हुंगला. दोरी मास्तरांच्या हातात.
बसलो. पाठ सरळ, टाचा खाली. अत्यंत सूक्ष्म इशारा दिला. योगायोगाने मास्तरही त्याच वेळी चला म्हणाले.
काका लगेच निघाले.
नऊ वर्षांचं नातं आहे. असं तुटत नाही.