मिश्रीची डबी

प्रिय सविता,

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर तू सगळं हसण्यावारी नेतेस, म्हणून सुनेकडून, आरतीकडून, कागद मागून घेतला. अक्षर वाकडं आहे, गुमान वाच.

काष्टीत आमच्या घरी हार्टचं दुखणं निघालं म्हटल्यावर तू लगेच म्हणालीस, दाजींना जपा. अगं बाई, दाजी ठणठणीत आहेत. दुखणं माझं आहे.

त्यांना बीपीची गोळी लागल्यापासून त्यांच्या ताटावर माझा पहारा. मीठ कमी, तेल कमी. त्यांच्या तंबाखूची पुडी मीच गटारात फेकली, गल्ली गोळा होईस्तोवर भांडले. आणि मी? बाकीच्यांसाठी तर्रीचं कालवण करायचं, उरलं की पातेलं भाकरीनं पुसून खायचं. अन्न टाकवत नाही ना आपल्याला. वर लोणचं, पापड. उपासाला तुपातला साबुदाणा, तोही ताटभर. माझ्या ताटाकडं कुणी बघितलं नाही. मीसुद्धा नाही.

दुखायचं ते छातीत नाही, जबड्यात आणि पाठीत. घाम फुटायचा. मी म्हणायची पित्त आहे, ओवा चावायची अन् धुण्याला बसायची. शेवटी आरतीनं ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईनं विचारलं, तंबाखू? मी ताडकन म्हणाले, आमच्यात बाया तंबाखू खात नाहीत! आरतीनं माझी मिश्रीची डबी तिच्या टेबलावर ठेवली. डॉक्टरीणबाई म्हणाली, मावशी, ही तव्यावर भाजलेली तंबाखूच की. आपली आई चुलीवर तंबाखू भाजायची, आपण खोकत बसायचो, आठवतं? डोळ्यांसमोर भाजलेली, तरी मला ती दात घासायचीच वाटत राहिली. आता हृदयाचा एक भाग मेलाय म्हणे. तो काही परत येत नाही.

परवा नगरला ऑपरेशन आहे. डॉक्टरीणबाई छातीठोक काही सांगत नाही, त्यावरनं काय ते मी समजले. मी नाही राहिले तर दहाव्याला बाया येतील, लंकाला लई आवड होती म्हणत पिंडापाशी डबी ठेवतील. ठेवू देऊ नकोस. कावळा नाही शिवला तरी चालेल. पण पत्र त्यासाठी नाही. पुतण्याच्या, वाल्मिकच्या लग्नात तू जबडा धरून घामाघूम बसली होतीस. दाढ दुखतीय म्हणालीस, मीही काढून टाक म्हणाले. सविता, ती दाढ नाही. तुझीही मिश्रीची डबी उकिरड्यावर टाक आणि आजच्या आज तुमच्या शेवगावात कार्डिओग्राम काढ. मला बघायला नंतर ये.

तुझीच,
लंकाआक्का