पेन्सिल सेलवरचा कॅमेरा

पाचूबंदर, वसई
१३ जानेवारी २००८

ती. सिप्रियनदादास,
सालोमीचा सा. न. वि. वि.

तुझं जहाज सिंगापूरला लागलं की एजंटच्या कचेरीतून हे पत्र तुला मिळेल. पपांचा खोकला सोडला तर इथे सारं ठीक.

मी कॅमेरा घ्यायचं ठरवलंय. बोंबील सुकवण्यात किती वर्षं घालवू? बाप्तिस्मे, साखरपुडे, वाढदिवस, आपल्याच गावात कामं मिळतील. स्टेशनजवळच्या दुकानात दोन डिजिटल कॅमेरे पाहून आले. महागाला त्याची स्वतःची चपटी बॅटरी आहे. ती गेली की नवी घेताना डोळे पांढरे होतील. दुसरा स्वस्त, दोन पेन्सिल सेलवर चालतो. तुला यातलं कळतं म्हणून विचारते, कोणता घेऊ?

आहे तशी माया असू दे.
तुझी,
सालोमी


सिंगापूर
६ फेब्रुवारी

चि. सालोमीस अनेक आशीर्वाद.

सेलवालाच घे. फोटो चांगले येतात, आमच्या इंजिनरूममधल्या एकाकडे तोच आहे. मात्र साधे सेल घालू नकोस, फ्लॅश मारला की दहा-पंधरा फोटोंत मान टाकतात. चार्जिंगचे चार सेल घे, दोन कॅमेऱ्यात, दोन पर्समध्ये. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नकोस, जुना नव्यालाही ओढतो. मागचा स्क्रीन बंद ठेवून भोकातून बघत जा, सेल वाचतात.

आता गावातले पोरगे तुला बघून केस विंचरतील! बरं, आनंदाची गोष्ट. निर्मळच्या ॲनिशाच्या घरून होकार आला. लग्न मे महिन्यात. पपांना सांग.

तब्येतीला जप, भावाला विसरू नकोस.
सिप्रियन


पाचूबंदर
३० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनी येणार म्हणून पपा येईल त्याला चहा पाजतायत.

तुझं ऐकलं ते बरं झालं. तीन बाप्तिस्मे आणि एक साखरपुडा झाला. लोडशेडिंगमुळे सेल चार्ज करायचे म्हणजे तारांबळ. वीज आली की मी आधी चार्जरकडे धावते, आणि पपा म्हणतात की भात करपला तरी चालेल, पोरीचे सेल भरले पाहिजेत. पण एकाही कामात सेलने दगा दिलेला नाही. फेलिशियामावशीने नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी जूनचा रविवार आताच सांगून ठेवलाय.

तुझ्या लग्नाचे फोटो मीच काढणार. तेवढ्यासाठी आणखी चार सेल घेतलेत. माझ्याकडून तुम्हा दोघांना हीच भेट.

वाट पाहते. लवकर ये.
सालोमी


कोलंबो
२० एप्रिल

चि. सालोमीस आशीर्वाद.

रागावू नकोस. ॲनिशाच्या मामांनी विरारचा स्टुडिओ ठरवलाय, व्हिडिओ, मोठे दिवे, सगळं. मी तुझं नाव काढलं होतं. ते म्हणाले की ऐन चर्चमध्ये सेल संपले तर कोणाचं तोंड बघायचं? आणि जहाजावरचा मुलगा बहिणीच्या खेळण्यावर लग्न भागवतो, असं लोक म्हणतील. मलाही ते पटलं. तू कॅमेरा घरीच ठेव. नवऱ्याची बहीण आहेस, त्या दिवशी मिरव.

समजून घेशील ही आशा.
सिप्रियन


पाचूबंदर
१८ जुलै

ती. दादास,
सा. न.

जहाजावर पोचल्यावर तू विचारलंस की लग्नात मी गप्प का होते. ऐक.

ज्या-ज्या घरी मी फोटो काढले होते, तिथली सगळी माणसं मंडपात विचारत होती की बाय, तुझा कॅमेरा कुठे? भावाने नको म्हटलं, असं कसं सांगणार? तुझी लाज राखायला मी सांगितलं की सेल संपले.

आठवडाभरात फेलिशियामावशी घरी आली. म्हणाली, भावाच्या लग्नातच जिचे सेल संपतात, तिच्या भरवशावर नातवाचा बाप्तिस्मा कसा सोडू? मी तोंड उघडलं नाही. पपांनी उघडलं, तेव्हा ती म्हणाली की बाप पोरीची बाजू घेणारच. तिच्यामागून बाकीच्यांनीही पाठ फिरवली. गाव केवढं, तुला ठाऊक आहे.

सोमवारपासून कामणच्या गोदामात पॅकिंगला जाते. कॅमेरा कपाटात आहे. सेल काढून ठेवलेत, आत राहिले तर गळतात.

काल स्टुडिओचा अल्बम आला. तू आणि वहिनी छान दिसता. मामांचे बरेच फोटो आहेत. पपांनी चष्मा पुसून शेवटच्या पानापर्यंत पाहिला, मग पुन्हा पहिल्यापासून उलटला, आणि मला विचारलं की त्या दिवशी तू होतीस कुठे.

लोभाचं काय ते तूच ठरव.
सालोमी